रोरी गॅलहर : स्टुडिओतला आणि रंगमंचावरचा (१९६९ ते १९७४)

मंद्रसप्तक

रोरी गॅलहर या आयरिश गिटारवादकाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : त्याला रंगमंचावरच ऐकावे, स्टुडिओतल्या तबकड्या बाजूला ठेवाव्यात. मी स्वतः हे वाक्य कित्येक वर्षे इतरांना सांगत आलो आहे. गेल्या पावसाळ्यात मात्र १९६९ ते १९७४ या काळातल्या त्याच्या तबकड्या प्रकाशनाच्या क्रमाने, एका बैठकीत एकच, अशा ऐकल्या आणि ते वाक्य मागे घ्यावे असे प्रकर्षाने वाटले. ज्यांनी रोरी ऐकलेला आहे त्यांची मते कळावीत आणि ज्यांनी ऐकलेला नाही त्यांना सुरुवात कुठून करावी हे समजावे, म्हणून हा धागा काढत आहे.

रोरीचा जन्म २ मार्च १९४८ रोजी डॉनेगल परगण्यातल्या बॅलीशॅनन या गावी झाला आणि तो वाढला दक्षिणेकडच्या कॉर्क शहरात. पंधरा वर्षांचा असताना, १९६३ साली, त्याने कॉर्कच्या क्राउली यांच्या दुकानातून १९६१ सालची एक वापरलेली फेंडर स्ट्रॅटोकास्टर शंभर पौंडांना उधारीवर घेतली. हीच गिटार आयुष्यभर त्याच्या गळ्यात राहिली. त्या काळच्या आयर्लंडमध्ये तरुण वादकाला काम मिळत असे ते ‘शोबँड’मध्ये, म्हणजे नृत्यगृहांत तासन्‌तास लोकप्रिय गाणी जशीच्या तशी वाजवणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदांत. रोरीनेही ते केले. समोरच्या गर्दीकडे पाहत वाजवण्याची त्याची सवय तिथेच लागली असावी, असे मला वाटते.

१९६६ साली त्याने कॉर्कमध्ये ‘टेस्ट’ हा तिघांचा गट उभा केला. १९६८ पासून बेसवर रिचर्ड मॅक्क्रॅकन आणि ड्रम्सवर जॉन विल्सन ही जोडी त्याच्याबरोबर होती. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘क्रीम’ या ब्रिटिश रॉक गटाने निरोपाचे कार्यक्रम केले, तेव्हा आधी वाजवणाऱ्या गटांत ‘टेस्ट’ होता. १९६९ ची पहिली तबकडी गटाच्याच नावाने निघाली. तीत ‘कॅटफिश’ आणि ‘शुगर मामा’सारखी जुनी ब्लूज गाणी आहेत आणि ‘ब्लिस्टर ऑन द मून’सारखी रोरीची स्वतःचीही. १९७० च्या आरंभी आलेली ‘ऑन द बोर्ड्‌स’ ही दुसरी तबकडी ऐकल्यावर मात्र मी थबकलो. ब्लूज-रॉकच्या चौकटीत बसवलेला हा माणूस तिथे स्वतः आल्टो सॅक्सोफोन वाजवतो आणि जॅझच्या वाटेने इतक्या सहज चालत जातो, की केवळ मैफिलीच्या ध्वनिमुद्रणांवरून त्याची ओळख झालेल्या श्रोत्याला तो परका वाटावा.

२८ ऑगस्ट १९७० रोजी आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात ‘टेस्ट’ने वाजवलेले ध्वनिमुद्रित आणि चित्रित झालेले आहे. पैशांच्या आणि व्यवस्थापनाच्या वादातून गट त्या वर्षाच्या अखेरीस फुटला आणि त्याच्या मैफिलींच्या दोन तबकड्या त्यानंतर बाजारात आल्या. त्या उत्कट आहेत, पण कोणते गाणे घ्यावे, कोणते वगळावे हा विचार त्यांत रोरीचा नाही. त्याच्या स्वतःच्या निर्णयांचा मागोवा घ्यायचा असेल तर १९७१ पासून सुरुवात करावी लागते.

त्या एका वर्षात त्याने स्वतःच्या नावावर स्टुडिओतल्या दोन तबकड्या काढल्या : मे महिन्यात ‘रोरी गॅलहर’ आणि नोव्हेंबरमध्ये ‘ड्यूस’. बेलफास्टचे जेरी मॅकाव्हॉय बेसवर आणि विल्गर कॅम्बेल ड्रम्सवर. पहिली तबकडी लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत एडी ऑफर्ड या ध्वनिमुद्रकाच्या हातून झाली आणि तिची बांधणी नीटनेटकी आहे. ‘आय फॉल अपार्ट’ हे गाणे हळू, जवळजवळ कुजबुजत सुरू होते आणि अखेरचा गिटारचा तुकडा पायरी पायरीने वर चढत जातो. ‘जस्ट द स्माइल’मध्ये अकूस्टिक गिटारवर बोटांनी छेडलेले काम आहे, त्यात ब्रिटिश लोकसंगीतातल्या वादकांची आठवण स्पष्ट ऐकू येते. दोन गाण्यांत ‘अटॉमिक रूस्टर’ या रॉक गटाचा व्हिन्सेंट क्रेन पियानोला आहे.

१९७२ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या दौऱ्यात मुद्रित झालेली ‘लाइव्ह इन युरोप’ ही तबकडी ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत नवव्या क्रमांकावर पोचली आणि त्याच वर्षी ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला सर्वश्रेष्ठ वादक म्हणून निवडले. या तबकडीची गाणी मी कागदावर लिहून काढली तेव्हा एक गोष्ट प्रथमच लक्षात आली. मूळ तबकडीवर सात गाणी आहेत आणि त्यांपैकी केवळ दोन, ‘लाँड्रोमॅट’ आणि ‘इन युवर टाउन’, आधीच्या स्टुडिओ तबकड्यांवरची आहेत. उरलेली पाच त्याने स्टुडिओत मुद्रित करून श्रोत्यांपुढे ठेवलेलीच नव्हती. ज्युनियर वेल्सने १९६० साली गायलेले ‘मेसिन’ विथ द किड’, विल्यम हॅरिसचे १९२८ सालचे ‘बुलफ्रॉग ब्लूज’, ब्लाइंड बॉय फुलरचे ‘पिस्टल स्लॅपर ब्लूज’ आणि मँडोलिनवर, पायाच्या ठेक्यावर उभे राहणारे ‘गोइंग टू माय होम टाउन’ ही त्यांतलीच. म्हणजे स्टुडिओत फिके पडलेले गाणे रंगमंचावर उजळून दाखवावे, असा त्याचा हेतू तरी या तबकडीपुरता दिसत नाही. दोन ठिकाणी त्याने दोन वेगळी कामे केली. मग एकाला दुसऱ्याच्या मापाने आपण का मोजतो?

‘ड्यूस’विषयी मुद्दामच लिहिलेले नाही. तिच्याविषयी प्रथम इतरांचे मत जाणून घ्यायचे आहे.

खाडीकाठ

मंद्रसप्तक, सातांपैकी पाच गाण्यांची गोष्ट माझ्याही ध्यानात कधी आली नव्हती, त्याबद्दल आभार. परंतु ‘ड्यूस’विषयी माझी जुनी तक्रार आहे ती मांडतो. तिचा आवाज मला कोरडा आणि दाटीवाटीचा वाटतो. ड्रम्स खोक्यात ठेवल्यासारखे ऐकू येतात, गायन मागे ढकलले गेले आहे आणि पहिल्या तबकडीत जी हवा खेळती होती ती येथे नाही. सहा महिन्यांत दुसरी तबकडी काढण्याची घाई हे त्याचे कारण असावे. गाणी उत्तम आहेत, म्हणूनच हळहळ वाटते.

तानपुऱ्याची_जवारी

माझे ऐकणे मुख्यतः आपल्या अभिजात संगीताचे आहे आणि रोरी मी माझ्या मुलाच्या संग्रहातून ऐकला. हा वाद वाचून मला घरचीच आठवण झाली. मैफिलीतले गाणे खरे आणि तबकडीवरचे गाणे त्याची केवळ खूण, असे आमच्या पिढीतले रसिक ठामपणे म्हणत. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे आणि एवढ्या वेळात राग कसा मांडायचा, हा प्रश्न होताच. तरीही त्या मर्यादेत काही कलावंतांनी जे केले ते मैफिलीत झाले नसते. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांचे भैरवीतले ‘जात कहाँ हो’ साडेतीन मिनिटांचे आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीसाठी भारतीय संगीतातून तेच निवडले गेले. त्यात काटछाट केल्याची खूण कुठेही नाही, ते तेवढेच आणि पूर्ण आहे. म्हणून मंद्रसप्तक यांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

मंद्रसप्तक

जवारी, आपण दिलेले उदाहरण माझ्या मनात असायला हवे होते आणि नव्हते. मनापासून आभार.

खाडीकाठ, आपण ‘ड्यूस’च्या आवाजाचे जे वर्णन केले आहे त्यातला एकही शब्द मी खोडणार नाही. मतभेद आहे तो कारणाविषयी. हा आवाज घाईतून आला नसून ठरवून आणला आहे, असे मी मानतो. पहिली तबकडी जास्त घासूनपुसून झाली, अशी भावना रोरीच्या मनात होती. म्हणून दुसऱ्या वेळी त्याने ॲडव्हिजनसारखा सुसज्ज स्टुडिओ सोडून लंडनच्या डॉल्स्टन भागातला टॅन्जरीन हा लहान स्टुडिओ निवडला, रॉबिन सिल्व्हेस्टर यांना ध्वनिमुद्रणाला घेतले आणि मुद्रणाच्या वेळा मैफिलींच्या अगदी आगेमागे ठेवल्या. वाजवून तापलेले हात थंड होण्याआधी स्टुडिओत पोचायचे आणि तिघांनी एकत्र उभे राहून गाणे शक्य तितक्या कमी फेऱ्यांत घ्यायचे, हा त्यामागचा विचार होता. आपण ज्याला दाटीवाटी म्हणता ती एका खोलीत एकाच वेळी वाजणाऱ्या तीन माणसांची दाटी आहे.

याला जोड देणारी एक गोष्ट सांगतो. ‘ड्यूस’ प्रकाशित झाल्यानंतर लगेचच, डिसेंबर १९७१ मध्ये, अमेरिकन ब्लूजचे थोर गायक मडी वॉटर्स लंडनमध्ये तिथल्या तरुण वादकांबरोबर मुद्रण करत होते आणि रोरीला त्यात बोलावणे होते. ज्याच्या तबकड्यांवर तो वाढला त्याच्या शेजारी बसून वाजवण्याचा तो प्रसंग. पण ठरलेल्या मैफिली त्याने रद्द केल्या नाहीत. संध्याकाळी बाहेरगावी वाजवून, रात्री गाडी हाकत तो लंडनला पोचला आणि मुद्रणाला बसला. ‘दि लंडन मडी वॉटर्स सेशन्स’ या तबकडीला पुढे ग्रॅमी पुरस्कार मिळाला. मैफल आणि स्टुडिओ यांच्यात या माणसाने भिंत अशी बांधलीच नव्हती, हे या एका महिन्यावरून दिसते.

आणि तरीही ‘ड्यूस’ ही नकली मैफल नाही. ‘आउट ऑफ माय माइंड’मधले बोटांचे काम, ‘डोन्ट नो व्हेअर आय’म गोइंग’मधली हार्मोनिका, ‘आय’म नॉट अवेक येट’मधली आयरिश लोकधुनेची सावली, या गोष्टींना भरलेल्या सभागृहात ऐकू येण्याइतकी शांतता मिळणे कठीण. अखेरचे ‘क्रेस्ट ऑफ अ वेव्ह’ स्लाइडच्या, म्हणजे बोटातली नळी तारेवरून घसरवत वाजवलेल्या, तुकड्यासकट एकदा रात्री, दिवा मालवून ऐका, एवढीच विनंती.

सहावी_तार

मी गिटार वाजवतो, त्यामुळे हातांच्या बाजूने थोडी भर घालतो.

रोरीच्या या काळातल्या आवाजाचे साहित्य अगदी थोडे आहे : ती स्ट्रॅटोकास्टर, व्हॉक्स कंपनीचा एसी-३० अ‍ॅम्प्लिफायर आणि दोहोंच्या मध्ये डॅलस रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर. रेंजमास्टर म्हणजे एक लहानशी पेटी, तिच्यात जर्मेनियमचा एकच ट्रान्झिस्टर. ती वरच्या पट्टीतले स्वर उचलून अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी जोरात ढकलते. एसी-३० चा साधा मार्ग जरा मऊ, दबका आहे आणि बूस्टरमुळे त्याला धार येते, वर व्हॉल्व्हमधून येणारा आवाज फाटू लागून जाडही होतो. खरे कौशल्य यापुढे आहे. गिटारवरची आवाजाची कळ जराशी मागे घेतली की तोच संच स्वच्छ, घंटेसारखा बोलतो आणि पुढे नेली की गुरगुरतो. रोरी गाताना करंगळीने ही कळ सतत फिरवत राहतो. स्वराची कळ वाजवता वाजवता फिरवून तो उघडझाप होणारा, रडवेला आवाज काढतो, तोही पायाखाली वेगळे यंत्र न ठेवता. मिझराबीसारखी धरलेली चकती आणि अंगठ्याची कड एकदम तारेला लावून निघणारे चिरके स्वरही त्याच्या खास खुणांपैकी आहेत.

‘लाँड्रोमॅट’ दोन्ही ठिकाणी ऐकावे. स्टुडिओत मुख्य आवर्तनाची तीक्ष्णता आवरून धरली आहे आणि गाण्यातला विनोद, म्हणजे भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाने कपडे धुण्याच्या सार्वजनिक जागेत वेळ काढणे, शब्दांतून नीट पोचतो. युरोपच्या मैफिलीत शब्द मागे पडतात आणि ठेका अंगावर येतो. ‘इन युवर टाउन’मध्ये उलटे आहे असे मला वाटते. तिथे तुरुंगातून सुटून आलेल्या माणसाचा राग स्टुडिओत पुरता बाहेर येत नाही, मैफिलीत लांबलेल्या स्लाइडमधून तो येतो.

गिटारचा रंग उडालेला पाहून अनेक जण ती मुद्दाम तशी केली आहे असे समजतात. तसे नाही. रोरीच्या घामाने आणि वर्षानुवर्षांच्या वापराने लाकूड उघडे पडले आहे. तरुणपणी ती एकदा डब्लिनमध्ये चोरीलाही गेली होती आणि पुढे पावसापाण्यात टाकून दिलेली सापडली.

ली_नदीकाठी

मी नोकरीनिमित्त गेली नऊ वर्षे कॉर्कमध्ये राहतो. येथे शहराच्या मध्यभागी रोरीच्या नावाचा चौक आहे आणि त्यात त्याच्या गिटारचे शिल्प आहे. भाजी आणायला जाताना मी तिथून जातो. त्याची कबर शहराबाहेर बॅलिनकॉलिगजवळच्या दफनभूमीत आहे. १४ जून १९९५ रोजी, यकृताच्या प्रत्यारोपणानंतर झालेल्या संसर्गाने तो लंडनमध्ये गेला, तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. १९७२ साली मिळालेल्या सन्मानचिन्हाच्या आकाराचा दगड कबरीवर बसवलेला आहे.

मला लिहायचे आहे ते ‘आयरिश टूर ’७४’ या मैफिलींच्या तबकडीविषयी. जानेवारी १९७४ मध्ये बेलफास्टचा अल्स्टर हॉल, डब्लिनचे कार्लटन चित्रपटगृह आणि कॉर्कचा सिटी हॉल या तीन ठिकाणी, रॉनी लेन यांचा फिरता स्टुडिओ दाराशी उभा करून ती मुद्रित झाली आणि टोनी पामर यांनी दौऱ्याचे चित्रीकरण केले. त्या वर्षांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या संघर्षामुळे बेलफास्टमध्ये बाँबस्फोट आणि हत्या हा रोजचा भाग झाला होता आणि बाहेरचे गट तिथे येणे जवळजवळ बंद झाले होते. रोरी मात्र दरवर्षी जात राहिला. तेव्हा तरुण असलेली, आता सत्तरी ओलांडलेली माणसे माझ्या कामाच्या ठिकाणी भेटली आहेत. अल्स्टर हॉलमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मुले एका रांगेत उभी राहत, ही गोष्ट ती वेगवेगळ्या वेळी, पण जवळजवळ त्याच शब्दांत सांगतात.

तबकडीवर टाळ्या आणि आरोळ्या इतक्या जवळून का येतात, हे मला येथे आल्यावर उमगले. सिटी हॉल फार मोठा नाही. मागच्या रांगेतला माणूसही वादकाचा चेहरा पाहू शकतो.

गिटारविषयी एक भर : ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनला तिचा लिलाव झाला. ती देशाबाहेर जाईल अशी भीती येथे सर्वांना होती, परंतु एका कार्यक्रम-आयोजक कंपनीने ती विकत घेऊन आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिली. त्या दिवशी आमच्या कार्यालयात दुसरा विषय नव्हता.

खाडीकाठ

‘ड्यूस’ काल रात्री पुन्हा ऐकली. ड्रम्सविषयीचे मत कायम आहे, पण ‘क्रेस्ट ऑफ अ वेव्ह’च्या बाबतीत मी हरलो, हे आनंदाने लिहितो.

आता ‘आयरिश टूर’चा विषय निघालाच आहे तर एक प्रश्न. तिथली ‘क्रेडल रॉक’, ‘टॅटू’ड लेडी’, ‘अ मिलियन माइल्स अवे’ ही गाणी दोन-तीन महिने आधी निघालेल्या ‘टॅटू’ या स्टुडिओ तबकडीवरचीच आहेत. म्हणजे येथे आपला ‘दोन वेगळी कामे’ हा सिद्धान्त लागू होत नाही. ‘अ मिलियन माइल्स अवे’ मैफिलीत इतके उंच जाते की स्टुडिओतले मला पुन्हा लावावेसेच वाटत नाही. मग जुने वाक्य खरे ठरत नाही का?

मंद्रसप्तक

प्रश्न नेमका आहे आणि त्याचे उत्तर देताना मला माझा मुद्दा थोडा आवरता घ्यावा लागेल. १९७३ पर्यंत गटही बदलला होता. लू मार्टिन कीबोर्ड्‌सवर आणि कॅम्बेलच्या जागी रॉड डीएथ ड्रम्सवर आल्याने तिघांचे चौघे झाले. त्याच वर्षाच्या ‘ब्लूप्रिंट’मध्ये हा चौघांचा गट एकमेकांना अजून चाचपडत आहे, ‘टॅटू’मध्ये तो एक झाला आहे. ‘टॅटू’ची गाणी रचतानाच ती रंगमंचावर न्यायची आहेत हे रोरीच्या मनात असावे, त्यामुळे ती तिथे शोभणारच. ‘क्रेडल रॉक’च्या बाबतीत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे, ते आणि ‘ब्लूप्रिंट’वरचे ‘वॉक ऑन हॉट कोल्स’ ही गाणी ‘आयरिश टूर’वरच ऐकावीत.

‘अ मिलियन माइल्स अवे’ मात्र मी सोडणार नाही. हॉटेलच्या गजबजलेल्या बारमध्ये बसलेला, मनाने फार दूर असलेला माणूस, हा त्या गाण्याचा विषय. स्टुडिओत तो माणूस खरोखर एकटा आहे. वाद्ये कमी बोलतात, गायन कानाशी येते आणि गाणे संपल्यावर खोलीत कोणी नसते. सिटी हॉलमध्ये तेच गाणे साडेनऊ मिनिटांच्या आसपास जाते. मधल्या भागात रोरी आवाज इतका खाली आणतो की तारेवरचे बोट ऐकू यावे, आणि मग लाट उठावी तसा सगळा गट वर येतो. तिथला माणूस एकटा नाही, त्याचा एकटेपणा अख्खे सभागृह मिळून ऐकत आहे. या दोन भावना एक नाहीत. दुसरी अधिक उंच आहे हे मान्य, पण पहिली ऐकल्यावाचून दुसरीत किती अंतर कापले गेले ते कळत नाही.

सहावी तार यांनी ‘लाँड्रोमॅट’ आणि ‘इन युवर टाउन’ यांची जी तुलना केली तीही याच दिशेने जाते.

‘आयरिश टूर’विषयी आणखी एक. तीत ‘बॅक ऑन माय स्टॉम्पिन’ ग्राउंड’ नावाचा तुकडा आहे. तो कोणत्याही मैफिलीतला नाही. दौऱ्यातच, श्रोते नसताना, त्याच फिरत्या स्टुडिओवर हे चौघे आपल्यासाठी वाजवत बसले होते, त्यातला तो आहे. मैफिलींच्या तबकडीवर रोरीने तो ठेवला आणि स्टुडिओ व रंगमंच यांतल्या कोणत्या खणात तो टाकायचा हे मला ठरवता आलेले नाही. २०१४ साली या दौऱ्याचा सात सीडींचा संच निघाला, त्यातली एक सीडी संपूर्णपणे कॉर्कच्या सिटी हॉलमध्ये श्रोत्यांविना केलेल्या मुद्रणाची आहे. नदीकाठी, आपण त्या सभागृहात गेला आहात. ती सीडी ऐकून झाल्यावर रिकाम्या सभागृहाचा घुमारा तसाच येतो का, हे आपण येथे लिहावे, अशी विनंती आहे.

ली_नदीकाठी

शनिवारी सिटी हॉलमध्ये एका शालेय वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता, त्याला गेलो आणि लोक येण्याआधी अर्धा तास आत बसलो. व्यासपीठावर एक मुलगी ड्रम्स तपासत होती. तीच ठोक, तोच मागच्या भिंतीवरून किंचित उशिरा परतणारा आवाज. घरी येऊन ती सीडी लावली आणि डोळे मिटले तेव्हा मी कुठल्या रांगेत बसलो आहे हे सांगता आले असते.